टाळगाव चिखली

दोस्तांनो, पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कारखाने, मालाचे ट्रक, नव्या सोसायट्या, होय ना? पण या गावाला जुनी माणसं म्हणतात टाळगाव चिखली. आता गावाच्या नावात टाळ कुठून आला बरं?

गावात सांगतात ते असं. तुकाराम महाराज वैकुंठाला निघाले, तेव्हा त्यांच्या हातातले टाळ वरून खाली पडले, ते थेट इथे चिखलीत! म्हणून हे टाळगाव. देहू इथून जवळच आहे आणि इंद्रायणी दोन्ही गावांची.

ही झाली आख्यायिका. पण तिच्यामागे खरी माणसं आहेत बरं का. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभं राहून साथ करणारे चौदा टाळकरी होते, असं परंपरा सांगते. त्यांतले एक इथलेच, मल्हारपंत चिखलीकर. दुसरे चाकणचे संताजी जगनाडे. त्यांचा धंदा तेलाचा. दिवसभर घाणा चालवायचा आणि कीर्तनाला टाळ धरायचा. काशाच्या दोन वाट्या, मध्ये दोरी, एवढंसं वाद्य. पण एकाचा ठेका चुकला तर सगळ्यांचं भजन विस्कटतं!

संताजींनी आणखी एक मोठं काम केलं. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पण अभंग टिकले ते लोकांच्या तोंडी आणि संताजींसारख्यांच्या वहीत. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरूनच गाथा छापली.

अशा गोष्टी फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये रॉबर्ट जॉन्सन नावाचा कृष्णवर्णीय गायक होता. तो गिटारवर ब्लूज गायचा. ब्लूज म्हणजे गुलामीतून सुटलेल्या, तरी कष्टात पिचलेल्या लोकांचं गाणं. काही दिवस तो दिसेनासा झाला आणि परतला तो अफाट वाजवायला लागला. लोक म्हणाले, चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून हा शिकला! खरं काय? आइक झिमरमन नावाच्या गुरूकडे तो शिकत होता. दोघं रात्री कबरस्तानात बसून सराव करायचे, तिथे आवाजाचा कुणाला त्रास नको म्हणून! १९३८ साली, अवघ्या २७ व्या वर्षी तो गेला. त्याची फक्त २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. ती झाली नसती, तर उरली असती नुसती सैतानाची गोष्ट.

म्हणजे बघा, आख्यायिका नाव जिवंत ठेवते. पण गाणं जिवंत राहायला कुणीतरी ते गावं लागतं, लिहून ठेवावं लागतं. चिखलीत महापालिकेने संतपीठ उभारलं आहे. तिथे मुलं शाळेच्या अभ्यासाबरोबर भजन आणि पखवाज शिकतात.

आणि तुमच्या घरी? आजीला एखादी जात्यावरची ओवी पाठ असेल. ती कुठल्याच पुस्तकात नसेल, तर? आज वही घ्या, तिच्याजवळ बसा आणि लिहून काढा. संताजींनी तेच तर केलं होतं!