प्रकल्पाची वही

डिसेंबर तोंडावर आला की देवळाली प्रवऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांतून कार्डशीट, फेव्हिकॉल आणि खेळण्यातल्या छोट्या मोटारी भराभर संपतात. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलेलं असतं. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशी ही चढण. विषय एनसीईआरटी ठरवून देते आणि अगदी वरच्या पायरीवर राष्ट्रीय प्रदर्शन असतं. बहुतेक मुलांचा प्रवास तालुक्यालाच थांबतो. म्हणूनच मला तो एक दिवस फार मोलाचा वाटतो. आपण इंजिनिअर होऊ शकतो का, याचा पहिला कौल पुष्कळ मुलांना तिथल्या बाकापाशीच मिळतो.

*

परीक्षक म्हणून गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "हे करताना काय बिघडलं होतं?" ज्याने स्वतः हात घातलाय ते पोरगं लगेच खुलतं. पंप उलटा फिरत होता, मग वायरी बदलल्या. नळी गळत होती, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. तयार मॉडेल आणलेलं मूल मात्र पाठ केलेला परिच्छेद पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतं. त्याला मी कधी रागावत नाही. बिघडवायची संधी त्याला कुणी दिलेलीच नसते.

*

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी दर वर्षी येतो. शंकूसारखा डोंगर, वरून लाल फेस. आपण उभे आहोत तो सगळा दख्खन लाव्ह्याचाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आपली काळी माती त्याच बेसाल्टची झीज होऊन झालेली. पण इथला लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्यांच्या कड्यांत ते थर आजही मोजता येतात. एखाद्या गटाने शंकू सोडून भेगेचा ज्वालामुखी करावा: घट्ट काकवी, मंद उताराची फळी, थर किती लांब पसरला त्याची नोंद. काकवी गरम केली तर थर पातळ होतो का, लांब जातो का? एवढ्या एका प्रश्नाने त्या खेळाचा प्रयोग होतो.

*

पाट. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. तिथून सुटलेलं पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे डाव्या-उजव्या कालव्यांत वाटलं जातं. शंभर वर्षं आपली माणसं आवर्तनाची वाट बघतायत, चारीवरून भांडतायत. पण आपल्या शेतात नेमकं किती पाणी आलं हे लिटरमध्ये सांगणारा शेतकरी विरळा. हे काम नववीच्या मुलांना जमण्यासारखं आहे.

पत्र्याला काटकोनी खाच पाडायची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. पत्रा चारीत आडवा, पाणसळीत बसवायचा. बाजूने आणि खालून पाणी निसटणार नाही अशी माती थापायची. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, तीही पत्र्यापासून थोडं मागे, कारण खाचेजवळ पाणी वाकतं. उंची सेंटिमीटरमध्ये घेतली तर तिचा वर्ग गुणिले तिचं वर्गमूळ गुणिले ०.०१३८, हे आलं सेकंदाला लिटरमध्ये पाणी. २० सेंटिमीटर उंचीला जवळपास २५ लिटर. १० सेंटिमीटरला? मुलं एका सुरात साडेबारा म्हणतात. उत्तर आहे साधारण साडेचार. उंची निम्मी झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त घटतं. हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघावेत! वर्गमूळ कशाला शिकायचं हा प्रश्न त्या वर्गात पुन्हा येत नाही.

पुढचा हिशेबही त्यांनीच करावा. एका एकरावर साडेसात सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर तीन लाख लिटर लागतं. सेकंदाला २५ लिटरने ते साडेतीन तासांच्या आतच भरतं. मग आपल्या उसाला चारी किती तास चालू होती? ही नोंद मुलाने घरी आबांना वाचून दाखवली की प्रकल्पाची खरी तोंडी परीक्षा तिथे होते.

*

ज्यादा पाण्याचं पुढे काय होतं ते शिवारात दिसतंच आहे. कालव्याखालच्या जमिनी खारवटल्या, चोपण झाल्या. हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण दुखणी वेगळी आहेत आणि औषधंही. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त. चर काढून पाण्याचा निचरा झाला, क्षार धुऊन गेले की ती सुधारते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला. तिला निचऱ्याबरोबर जिप्समही लागतं.

बाटलीतली चाचणी: माती, पावसाचं पाणी, जोरात हलवायचं, ठेवून द्यायचं. क्षार भरपूर असतील तर कण एकमेकांना धरून खाली बसतात आणि वरचं पाणी लवकर निवळतं. चोपण मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ. दहा शेतांतल्या दहा बाटल्या, तारखा आणि फोटो एवढं झालं की मातीचे तेच नमुने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. बाटलीचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा शेजारी शेजारी मांडावेत. जुळले नाहीत तर तो तक्ता आधी दाखवावा.

विद्यापीठ आपल्या इतकं जवळ आहे. तिथे अण्णासाहेब शिंदे यांच्या नावाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अवजारं आहेत, हवामानाच्या नोंदी आहेत. आपली मुलं सहलीला मात्र वॉटर पार्कला जातात. हे बदललं पाहिजे.

*

बिबट्या. हल्ली प्रत्येक प्रदर्शनात बिबट्यासाठी एक तरी अलार्म असतो, आणि असायलाच हवा. वरच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, ऊस आणि वस्त्यांच्या त्या पट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला अंगावर काटा आणणारा हा आकडा आहे.

मुलं पीआयआर सेन्सर वापरतात. हलणाऱ्या उबदार अंगातून येणारे अवरक्त किरण तो टिपतो. टेबलावर हात हलवला की भोंगा वाजतो, टाळ्या पडतात. इथेच परीक्षकाने थांबू नये. कुत्र्याला वाजतो का? गाईला? मेच्या दुपारी जमीन अंगाइतकीच तापलेली असते तेव्हा वाजतो का? पहाटे किती लांबून वाजतो? रात्रीतून किती वेळा उगाच वाजला? खोटे भोंगे फार झाले की घरची माणसं तो बंद करून ठेवतात, मग यंत्र असून नसल्यासारखं. ज्या गटाने गोठ्यात आठवडाभर सेन्सर लावून खऱ्या-खोट्या भोंग्यांची यादी केली असेल, त्याला मी पहिला नंबर देईन, भले त्याच्या डब्याला रंगही नसो.

*

रात्रीच्या मोटारीवरूनच. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी म्हाताऱ्या आजोबांची पंपापर्यंतची पायपीट लहानपणी बघितली होती. पुढे इंजिनिअर झाल्यावर त्यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं नॅनो गणेश तयार केलं. नोकियाच्या जागतिक स्पर्धेत २००९ साली त्याला बक्षीस मिळालं. आता मोबाइल स्टार्टर आपल्याकडे कुणाला नवा नाही. मुलांना हे सांगताना माझा भर आजोबांवर असतो. प्रश्न घरातच होता, तो बघणारा पोरगा होता, आणि उत्तर सापडेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

*

आणखी जुनी गोष्ट: शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७, मुंबई. विशीत असताना त्यांनी मुंबईत विज्ञानाचं मंडळ काढलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली: साखर, पीठ असा किराणा आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा. भिशांनी इथून आराखडा पाठवला आणि ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून ते जिंकले. मग ते लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, आणि तिथे त्यांनी छपाईचे खिळे पाडणारं यंत्र घडवलं. एका स्पर्धेने एका मराठी माणसाला केवढं दार उघडून दिलं!

आणि स्पर्धेतला प्रश्न कसा होता ते पाहा. किराणा दुकानातला. पोरासोरांनाही समजावा असा.

*

आजच्या मुलांना दारं पुष्कळ आहेत, पण गावात त्यांची माहिती एका जागी मिळत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

इन्स्पायर-मानक: केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांची योजना. शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते. निवड झाली की नमुना बनवायला १०,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात. बँकेचं खातं आधी उघडून ठेवावं.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद: १९९३ पासून, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी. इथे मॉडेलपेक्षा पाहणी आणि नोंदी मोठ्या. २०१० आणि २०११ साली तिचा विषय जमीन हाच होता. खारवट-चोपणाचं काम तिथे शोभलं असतं. शाळेत न जाणारं मूलही भाग घेऊ शकतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या पोरांचा कुणी विचार करील का?

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा: मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली सुरू केलेली, सहावी आणि नववीसाठी. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प. मराठीतून देता येते. आपल्याकडे तिची तयारी क्लासवाले लेखीपुरती करून घेतात. प्रात्यक्षिकाला शाळेची कपाटं उघडावी लागतील.

*

कपाटांवरून: २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सोल्डरिंगचं सामान. ज्या शाळेत मुलांच्या बोटांना सोल्डरचे चटके बसलेत तिथलं काम चटकन ओळखू येतं. काही ठिकाणी मात्र सामान मोडेल या भीतीने खोकी टेपसकट तशीच असतात. नोंदवहीत 'मोडलं' असा एक रकाना अधिकृतपणे ठेवावा, म्हणजे शिक्षकाची भीती जाईल.

*

गटात एक मुलगी असते. फाइल तिने लिहिलेली, अक्षर सुंदर. मोटार मुलगा चालवतो. मी पेचकस तिच्या हातात देतो: "ताई, हा स्क्रू तू काढ आणि आत काय आहे ते सांग." कित्येकदा तिलाच आतलं जास्त माहीत असतं, तिला हात लावू दिलेला नसतो.

१९३३ साली कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, प्रवेश घेतलाच, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं. नीरेसारखी गावची गोष्ट घेऊन केंब्रिजच्या तोडीचं काम होतं, हे आपल्या मुलींना सहावीतच कळायला हवं.

*

मार्गदर्शक कोण? विज्ञानाचे सर-मॅडम तर आहेतच. पण राहुरी फॅक्टरीच्या वसाहतीत कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, बॉयलरवाले आहेत. गावात मोटार रिवाइंडिंगवाले आहेत. शेतकी विभागातला माणूस हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा ब्रिक्स बघून उसाच्या शेंड्याचा आणि बुडख्याचा फरक सांगतो. दोन्ही जवळ आले की ऊस पक्व. या माणसांना शाळेत बोलावून खुर्ची द्यावी, नाव फलकावर लिहावं. मुलांना कळेल की गावात इंजिनिअरिंग आधीपासून आहे.

*

पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन निघतं आणि पुष्कळ ठिकाणी पेटवून दिलं जातं. खोडव्याच्या एका सरीत पाचट, शेजारच्या सरीत उघडी जमीन. दोन्हीकडे बोटभर खोल थर्मामीटर, दुपारी दोनची नोंद, महिनाभर. खर्च जवळजवळ शून्य. सहावीलाही जमेल.

*

तालुक्याला या वर्षी एक सूचना लेखी द्यायची आहे. प्रदर्शनात 'दुसरं वर्ष' असा एक गट ठेवावा. गेल्या वर्षीचाच प्रकल्प, पण पुढे नेलेला. नवं मॉडेल नको, जुनी वही आणि नवी वही दोन्ही टेबलावर. आज नियम नवेपणाला गुण देतो, त्यामुळे मूल दर वर्षी विषय टाकून नवा धरतं आणि कुठलाच प्रश्न मुरत नाही. सातवीत पाटाचं पाणी मोजणारी मुलगी नववीपर्यंत तेच मोजत राहिली तर तिच्याकडे तीन हंगामांच्या नोंदी असतील. कालव्याच्या कार्यालयात ती वही घेऊन जायची तिची तयारी असेल, आणि सोबत जायला मी तयार आहे. अर्जाचा मसुदा झाला आहे. दोन मुख्याध्यापकांच्या सह्या घ्यायच्या आहेत.