उन्हाची खोली

आमच्या घराला काचेची खोली असावी ही कल्पना मूळची कॅनडातली. कॅनडातून आपल्याकडे मसूर येतो, मेव्हण्यांचे फोटो येतात आणि फोटोंच्या मागून कल्पना येतात. मसूर निदान शिजतो तरी.

माझे मेव्हणे टोरांटोजवळ राहतात. 2024 च्या जानेवारीत त्यांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत काचेच्या खोलीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, पाय पसरून मेव्हणे कॉफी पीत बसलेले. खाली लिहिलं होतं, 'आमची सनरूम'. हिनं तो फोटो मला दाखवला, आईला दाखवला, दूधवाल्याला दाखवला आणि रात्री पोळी वाढता वाढता म्हणाली,

"अहो, त्यांच्याकडे सहा-सहा महिने धड ऊन नाही, तरी त्यांनी उन्हासाठी खोली बांधली. आपल्याकडे तर बारा महिने फुकट आहे!"

या वाक्यात कुठंतरी चूक आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ज्या मालाचा पुरवठा उदंड, तो साठवायला कुणी गोदाम बांधत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण बी.कॉम.ला मला पंचावन्न टक्के मिळाले होते. हा धडा बहुधा उरलेल्या पंचेचाळीसांत असावा.

आमचं घर जुन्नरला. मी बँकेत कारकून, सध्या मंचरच्या शाखेत, म्हणजे रोज एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाऊन लोकांचे पैसे मोजतो आणि संध्याकाळी आपले मोजायला परत येतो. घराला दक्षिणेकडे तोंड करून ओसरी. उतरतं कौलारू छप्पर, दोन लाकडी खांब, आणि त्या दोन खांबांच्या मधे एक बाकडं. बाकड्यावर नाना.

नाना म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी त्या बाकड्यावर रुजू झाले. गेली वीस-बावीस वर्षं दुपारी चार ते दिवेलागणीपर्यंत त्यांची तिथं हजेरी. रस्त्यानं जाणारा माणूस थांबतो, एक पाय पायरीवर ठेवतो आणि बोलायला लागतो. कुणाचा सातबाऱ्याचा घोळ, कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाचं पत्र. जाताना कोणी कोथिंबिरीची जुडी टाकून जातो. आत यायचं नाही, चपला काढायच्या नाहीत. चहा घेतला तर उभ्यानं. माझ्या काउंटरवर जेवढे लोक येतात त्यापेक्षा नानांच्या ओसरीवर जास्त येत असत, आणि विशेष म्हणजे जाताना हसत जात.

ही ओसरी काचेनं बंद करायची असं ठरलं. कारण अर्थातच नाना. मध्यमवर्गीय माणसाला स्वतःच्या हौसेसाठी खर्च करता येत नाही. त्याला घरात एखादं वडीलधारं माणूस लागतं. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर, थंडी कडक. नानांना खोकला, गुडघ्याचं दुखणं. "त्यांना कोवळं ऊन मिळेल आणि वारा लागणार नाही," ही म्हणाली. बँकेच्या कर्जाच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात मी 'सनरूम' लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी ते खोडून 'पडवी दुरुस्ती' लिहिलं. रुपये 2 लाख 60 हजार, हप्ते 84.

माझ्या सासूबाई घोडेगावच्या. ज्या आंबेगावच्या नावानं तो तालुका आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कारभार घोडेगावातून चालतो, त्यामुळे तिथल्या माणसांना मुळातच मोठ्या योजनांविषयी फारसं कौतुक नसतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं भीमाशंकरच्या अंगाला पडवीला तट्टे लावतात, पण पावसाची झड अडवायला. ऊन कोंडायला कुणी लावलेलं नाही बाई पाहिलं."

नानांनी एकच प्रश्न विचारला, "वारा कुठून येणार?"

"सगळ्या खिडक्या सरकत्या आहेत नाना," मी म्हणालो. सरकत्या खिडकीचा हिशेब मला तेव्हा माहीत नव्हता. दोन काचांपैकी एक सरकते ती दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. कितीही उघडा, निम्मी बंदच.

काम करणारा कारागीर दुकानांचे दर्शनी भाग बनवण्यात तरबेज होता. त्यानं तिन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या चौकटी ठोकल्या, कौलं उतरवली आणि वर पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे घातले. दिवाळीला खोली तयार झाली. मोबाइलचं दुकान निघतंय की काय, अशी चौकशी दोघांनी केली.

पण डिसेंबर-जानेवारीत खोलीनं खरोखर नाव काढलं. सकाळी आठला आत ऊन भरायचं. नानांनी आधी मफलर काढला, मग कानटोपी, आणि एके दिवशी चक्क स्वेटर. मी फोटो काढून कॅनडाला पाठवला. रात्री मात्र तिथं बसायची सोय नव्हती. दिवा लावला की आतून बाहेरचं काही दिसत नाही आणि बाहेरून आतलं सगळं दिसतं. आमच्या तालुक्यात उसात बिबटे राहतात; माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रसुद्धा आहे. एवढ्या उजेडात, काचेच्या पेटीत, चारी बाजूंनी नीट दिसेल असं कुटुंब मांडून ठेवणं मला बरं वाटेना. शोकेसची सवय लागली की गिऱ्हाईक येतं.

मार्च आला आणि ऊन मोठं झालं. एप्रिलमध्ये खोलीत पाऊल टाकलं की आतली हवा अंगावर यायची. कोपऱ्यातली तुळस आधी गेली. मग प्लास्टिकची खुर्ची एका बाजूला कलली.

नारायणगावकडे माझा एक मित्र आहे, पॉलीहाऊसमध्ये ढोबळी मिरची घेतो. त्याचा तापमापक मी मागून आणला. तोही बरोबर आला, कारण फुकटची गंमत कोण सोडतो? दुपारी दोनला काटा 49 वर गेला. मित्र बराच वेळ छताकडे बघत राहिला.

"भाऊसाहेब, वरून हवा जायला जागा कुठंय?"

"खिडक्या आहेत ना."

"अहो, गरम हवा वर चढते, ती खिडकीतून कशाला जाईल? ऊन काचेतून सरळ आत येतं, फरशी तापते, आणि फरशीची धग काचेतून तशी बाहेर पडत नाही. आम्ही पॉलीहाऊसला वरनं वाट ठेवतो, उन्हाळ्यात शेडनेट ओढतो. एवढ्या तापात मी मिरचीला ठेवत नाही. तुम्ही नानांना ठेवलंय!"

मित्र हसला. मला हसता आलं नाही.

आता जरा आकडे सांगतो. आकडे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. जुन्नर 19 अंश उत्तरेच्या जरा वर. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गडप होते. डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेला कललेला, 47 अंशांवर. म्हणजे दक्षिणमुखी ओसरीला उतरतं कौलारू छप्पर असलं की हिवाळ्यातलं ऊन छपराखालून आपोआप बाकड्यापर्यंत येतं आणि उन्हाळ्यातलं कौलांवरच अडतं. सगळी व्यवस्था आधीपासून होती. आठ टक्के व्याजानं कर्ज काढून मी ती मोडली.

मग उपाय सुरू झाले. पडदे लावले, पण पडदा आतल्या बाजूला, म्हणजे चोर घरात आल्यावर दार लावण्यातला प्रकार. छतावर गोणपाट टाकलं. काचेच्या घरावर गोणपाट बघून शेजारी हळहळले, पण 1851 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या छतावरही कापड ताणावं लागलं होतं. लंडनला! रात्री मोबाइलवर शोधता शोधता मला आणखी एक मोठा आधार सापडला. ल कॉर्बुझिए या जगद्विख्यात वास्तुशिल्पज्ञानं पॅरिसमध्ये निराधारांसाठी एक इमारत बांधली, ती 1933 साली उघडली. दक्षिणेची भिंत सगळी काचेची, न उघडणारी. आत गार हवेचं यंत्र बसवायचं होतं, पण पैसे पुरले नाहीत आणि उन्हाळ्यात आतली माणसं उकडून निघाली. पुढं काचेसमोर ऊन अडवणारे आडोसे घालावे लागले. हेच गृहस्थ नंतर चंदीगडला आले, ते आडोसे घेऊनच. त्यांना पैसे कमी पडले म्हणून फसले. मला मंजूर झाले म्हणून फसलो.

खोलीचा खरा उपयोग आईनं शोधून काढला. एके दिवशी बँकेतून आलो तर खोलीभर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस. धूळ नाही, कावळा नाही, राखण नाही. दोन दिवसांचं वाळवण एका दिवसात कडकडीत. आळीत बातमी फुटली. मेच्या पहिल्या आठवड्यात चार घरांची मिरची आणि एका घरची हळकुंडं आमच्याकडे मुक्कामाला होती. मी हप्ता भरत होतो आणि आळीचे पापड वाळत होते. ही म्हणाली, "भाडं लावू या का?" ती गंभीर होती.

या सगळ्यात नाना कुठं होते?

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते मुलानं विचारलं. "बाबा, आजोबा आपल्या घरी का बसत नाहीत?" चार वाजता मी सुट्टीच्या दिवशी शोधत निघालो. पुढच्या चौकातल्या पिंपळाच्या पारावर नाना बसले होते. एकटे. पायाशी पाण्याची बाटली.

"इथं वारा येतो रे," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

घरी लोक यायचे बंद झाले होते. पायरीवर पाय ठेवायला पायरीच उरली नव्हती, दार आलं होतं. दार आलं की ठोठावणं आलं, चपला काढणं आलं, 'काही काम होतं का?' आलं. कामाशिवाय येणारी माणसं काचेतून आत बघून पुढे जात. महिनाभरात कोथिंबिरीची एक जुडी आली नव्हती. ज्या माणसाच्या नावावर मी कर्ज काढलं होतं त्यालाच मी घराबाहेर बसवलं होतं.

पुढच्या संकष्टीला आम्ही लेण्याद्रीला गेलो. नाना गुडघ्यांमुळे खालीच थांबले. वर गणपतीचं दर्शन घेऊन मी पुढच्या खांबांच्या पडवीत टेकलो. भर मे महिना, बाहेर डोंगर भाजत होता आणि पडवीत अंग निवत होतं. लेणी दक्षिणमुखी आहेत. खोदणाऱ्यांनी दर्शनी बाजूला खांब उभे केले आणि मधली जागा मोकळी सोडली. एकालाही ती बंद करावीशी वाटली नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव! पैसा कुठं ठेवावा आणि ऊन कुठं अडवावं, दोन्ही या गावाला तेव्हाच कळत होतं.

खाली आल्यावर मी नानांना म्हणालो, "छप्पर पुन्हा कौलारू करावं म्हणतो. पण तशी जुनी कौलं आता मिळायची कुठं?"

"परसात आहेत," नाना म्हणाले. "त्या माणसाला मी विकू दिली नाहीत. चारशे बारा. अकरा फुटलीत."

जूनमध्ये पावसाच्या आधी पत्रे उतरले, समोरच्या काचा निघाल्या. पूर्वेचा कोपरा तेवढा आईनं वाळवणासाठी राखून घेतला. त्यावर तिनं कोणाचं काही ऐकलं नाही. छपरात आपल्या जुन्या पद्धतीची दोन काचेची कौलं बसवली. उजेडाला तेवढी पुरतात. हप्ते 71 उरले आहेत.

परवा संध्याकाळी नाना बाकड्यावर बसले होते. पायरीवर एक पाय ठेवून कोणीतरी लसणाचा भाव सांगून गेला. मी शेजारी टेकलो.

"त्या काचा कुठं ठेवल्यास?" नानांनी विचारलं.

"परसात. कौलं होती तिथंच."

"झाकून ठेव नीट. विकू नकोस."

"आता काय उपयोग त्यांचा नाना?"

नानांनी नातवाकडे बघितलं. तो खांबाला टेकून मोबाइलवर मामाच्या घराचे फोटो पाहत होता.

"त्याला लागतील," नाना म्हणाले.