दमाने

पर्वतीच्या पायऱ्या १०३. हा आकडा मी ऐकून शिकले. मोजण्याइतकी हळू मी लहानपणी त्या कधी चढलेच नाही. बाबा मागून येत आणि वर पोचल्यावर दर वेळी नानासाहेब पेशव्यांची गोष्ट सांगत. पानिपताची बातमी आली, त्यांनी हाय खाल्ली आणि २३ जून १७६१ ला इथेच प्राण सोडला. त्यांची प्रकृती आधीपासूनच ढासळली होती, हे पुढे वाचनात आलं. पण दुःखाने काळीज फाटतं यावर माझा विश्वास बसला तो पर्वतीवरच. औषधानेही ते दुखावतं, हे कळायला पन्नाशी यावी लागली.

लग्नानंतर सासूबाईंबरोबर चढू लागले. त्या मध्येच थांबत, कमरेवर हात ठेवून मागे वळत आणि म्हणत, “केवढं पसरलंय गं पुणं!” दम लागलाय हे कबूल न करता थांबायची ही खास आमच्याकडची रीत. कुठे कुठल्या नातेवाइकाचा वाडा पडून इमारत झाली, हे सांगून होईपर्यंत त्यांचा श्वास जागेवर येई.

मग माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. केमोच्या आधी टूडी एको करून आणायला सांगितलं तेव्हा मी चक्रावले. गाठीचा आणि हृदयाचा काय संबंध? संबंध औषधाशी होता. डॉक्सोरुबिसिन. आम्ही पेशंट त्याला नुसतं ‘लाल औषध’ म्हणायचो. सिरिंजमध्ये ते अगदी रूह अफजासारखं दिसतं. सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसायच्या आणि चालू सलाइनमध्ये ते हाताने हळूहळू सोडायच्या. नजर सगळी माझ्या शिरेवर, कारण शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. नंतर दिवसभर लघवीही लालसर.

हे औषध मुळात मातीतलं. इटलीच्या दक्षिणेला कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या आसपासच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून या औषधांचं घराणं सुरू झालं. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. माझे काका पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. तिथल्या थिरुमलाचार यांनी अशाच एका मातीतल्या जिवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं, ते काका स्वतःच काढल्यासारखं सांगत.

डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. या औषधाचं खातं जन्मभराचं असतं. शरीराच्या दर चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅमचा एक डोस, असे चार, म्हणजे २४०. बेरीज ४००च्या पुढे गेली की हृदय कमजोर पडण्याचा धोका झपाट्याने चढतो. २४०ला तो कमी, शून्य नव्हे. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी एकदा मेल्या की नव्या जवळजवळ तयार होतच नाहीत. नुकसान कधी वर्षभरात दिसतं, कधी दहा वर्षांनी. त्यात माझी बाजू डावी, म्हणजे रेडिएशनही हृदयाच्या अंगाने. मशीनखाली झोपवून “खोल श्वास घ्या, धरून ठेवा” असं सांगत. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून थोडं बाजूला सरकतं.

उपचार संपले आणि भेटायला येणाऱ्यांचा सल्ला सुरू झाला. आता पर्वती विसरा, जिवाला जपा. जपायचं म्हणजे बसायचं आणि साजूक तुपातला शिरा खायचा. वजन वाढलं, साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाल्या, कॅन्सरनंतरच्या हृदयालाही बीपी, साखर, कोलेस्टेरॉल हेच शत्रू, फक्त या हृदयाकडे शिल्लक कमी. चाला.

तेव्हा पुन्हा पर्वती. आता सासूबाईंच्या जागी मी थांबते, पण पुणं किती वाढलं याचं नाटक मात्र करत नाही. दम लागणं हा गुन्हा नाही. त्याच पायरीवर, त्याच चालीने, गेल्या महिन्यापेक्षा जास्त लागला तर सांगायचं. पायावर मोज्याचा वळ उठतोय का, झोपताना दुसरी उशी लागतेय का, दोन-तीन दिवसांत वजन एकदम चढलंय का, हेही. एका वर्षीच्या एकोत पंपिंगचा आकडा साठावरून पन्नासच्या खाली आला. मला तर काहीच जाणवलं नव्हतं. गोळ्या लगेच सुरू झाल्या आणि आकडा सावरला. लवकर सापडलं तर पुष्कळदा सावरतो, उशिरा सापडलं तर अवघड.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. कॅन्सरवाले गाठ परत आली का ते पाहतात, हृदयवाले हृदय पाहतात, आणि दोघांमधला दुवा म्हणजे आपल्या हातातली रिपोर्टांची कॅरीबॅग. नव्या डॉक्टरांनी केसपेपरवर ‘कॅन्सर, बरा’ एवढंच लिहिलं की मी थांबवते आणि औषधाचं नाव, एकूण डोस, डावीकडचं रेडिएशन हे लिहून घ्यायला लावते. भावजयीची केमो परवा सुरू झाली. तिलाही सांगितलं, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव, कार्डं हरवतात.

व्यायाम किती करायचा याची कसोटी सोपी आहे. चढताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. माझ्याबरोबर येणाऱ्या नवऱ्याला मात्र ती लागू पडत नाही. तो धापा टाकतानाही बोलतच असतो, आणि विषय बहुधा मेट्रोचा असतो.