रघुनाथाचारींना ठाऊक नसलेलं

धोतर, उपरणं, पगडी अशा वेशात मी सिकंदराबादच्या शाळांमधून चिंतामणी रघुनाथाचारी उभे करतो. मद्रास वेधशाळेत काम करणारे हे गृहस्थ 18 ऑगस्ट 1868चं खग्रास सूर्यग्रहण बघायला वनपर्तीला आले होते. इथून ते गाव दीडएकशे किलोमीटर. त्याच दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला वर्णपटदर्शक लावून बसला होता, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत हर्शेल घराण्यातला जॉन. माझा प्रयोग मात्र सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल1 यानाची ओळख करून देण्यासाठी आहे.

वेशभूषा जमते हो. अवघड असतं ते पात्राचं अज्ञान सांभाळणं. काही हौशी मंडळी भास्कराचार्यांच्या तोंडून चांद्रयानाची माहिती वदवून घेतात. ते भास्कराचार्य नव्हेत, दाढी लावलेलं माहितीपत्रक! रघुनाथाचारी 1880 साली वारले, म्हणून त्यापुढचं काहीही माझ्या तोंडी येत नाही. समजावायचं काम मुलांवर पडतं.

मग गंमत सुरू होते. गुरुत्वाकर्षण आचारींना चांगलं माहीत. यान सूर्याच्या दिशेला 15 लाख किलोमीटरवर आहे म्हटलं, की ते मैलांत विचारतात. मुलं वहीत आकडेमोड करून नऊ लाखांच्या वर जातात. फोटो माहीत, कारण ते ग्रहण गुंटूरला फोटोत टिपलं होतं. तारयंत्रही माहीत. पण तारेवाचून फोटो येतो कसा? ‘सिग्नलनं,’ एखादा म्हणतो. निजामाची रेल्वे सिकंदराबादला 1874 साली आली, म्हणजे आचारींच्या हयातीतच; म्हणून ते विचारतात, ‘स्टेशनातला का रे?’ सातवीचा वर्ग तिथे अडतो. मी अजिबात मदत करत नाही. शिक्षकांनी तोंड उघडलं, तर त्यांच्याकडेही रोखून बघतो.

ही प्रश्नोत्तरांची रीत आचारींचीच. 1874च्या शुक्राच्या अधिक्रमणावर त्यांनी लोकांसाठी पुस्तिका लिहिली, तीही संवादरूपात.

ग्रहणात सूर्याचं प्रभामंडळ, म्हणजेच करोना, दिसायचं ते काही मिनिटं. यानावरचा करोनाग्राफ आतल्या आत सूर्यबिंब झाकतो, आणि दिवसाला 1440 चित्रं पाठवण्याच्या हिशेबानं तो बांधलाय. हे ऐकून आचारी खाली बसतात. दिग्दर्शनातली माझी आवडती जागा. हा करोनाग्राफ बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं तयार केला, आणि त्या संस्थेचं मूळ मद्रास वेधशाळेत. म्हणजे आचारींचंच खातं! हे मी एका चिठ्ठीवर लिहून आधीच एका मुलाकडे देऊन ठेवतो. ‘तातय्या, हे तुमच्याच ऑफिसनं केलंय,’ असं तो म्हणतो, तेव्हा मागची बाकंसुद्धा पुढे सरकतात.

शेवटी इस्रोचा जयजयकार करा, असा आयोजकांचा आग्रह असतो. घोषणा मुलं देतात, दणक्यात. मी कानावर हात ठेवून शेजारच्याला विचारतो, ‘हा इस्रो कुठल्या संस्थानचा राजा?’