पुढची चाकं पुढे, मागची चाकं मागे!

दोस्तांनो, खोक्यातून काढली, सेल घातले आणि पळवली, अशी रिमोटची गाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळली असेल. पण खोकं उघडल्यावर आत गाडीच नसेल तर? नुसत्या प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले ढीगभर तुकडे, स्क्रूच्या पुड्या, एक मोटर आणि चित्रांचं एक पुस्तक! चला, आज अशा गाड्यांच्या गावाला जाऊ या. गाव शिझुओका, देश जपान.

टोकियोहून शिनकानसेन ही वेगवान रेल्वे पकडायची. 'हिकारी' गाडीने साधारण तासाभरात शिझुओका येतं. जाताना उजव्या हाताची खिडकी मिळवा बरं का! आकाश मोकळं असेल तर ३,७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत दिसतो. मी गेलो तो मे महिना. फुजी काही दिसला नाही, नुसते ढग! पण डोंगरउतारांवरचे हिरवेगार चहाचे मळे पाहून प्रवासाचे पैसे वसूल झाले.

स्टेशनाच्या परिसरात एका टपालपेटीने मला थांबवलं. किटमधले तुकडे जसे चौकटीला जोडलेले असतात, तशीच ही पेटी भल्यामोठ्या चौकटीत बसवलेली. जणू कुणीतरी येऊन ती कापून काढणार आणि जोडणार! जपानमधल्या प्लॅस्टिक मॉडेलांचा मोठा भाग याच भागात तयार होतो. त्याचीच ही गंमत.

हे सगळं इथेच का? शिझुओका पूर्वीपासून सुतारांचं गाव. इथलं सेंगेन देऊळ बांधायला आलेले कुशल कारागीर पुढे इथेच राहिले, असं सांगतात. योशिओ तामिया यांनी १९४६ साली इथे लाकडाचा धंदा सुरू केला. जोडीला लाकडी जहाजांची मॉडेलं. १९५१ मध्ये आग लागली आणि वखारीतलं लाकूड जळून गेलं. मग त्यांनी लाकूड विकणं सोडलं आणि मॉडेलांवरच भर दिला. १९६० साली 'यामातो' या युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं, तर त्यातही तोटा! पुढच्या 'पँथर' रणगाड्याने मात्र त्यांना तारलं. १९७६ साली त्यांची पहिली रिमोटची गाडी आली, 'पोर्शे ९३४'. योशिओंचे चिरंजीव शुनसाकू तामिया यांनी त्या सुमारास अभ्यासासाठी चक्क एक खरी पोर्शे विकत घेऊन सुटी केली होती. ती परत जोडायला मात्र पोर्शेच्या जाणकारांना बोलवावं लागलं म्हणे!

ही गोष्ट मी माझ्या पुतणीला सांगितली तेव्हा ती खो खो हसली. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी शिझुओकात असतो. त्याची मुलगी बारा वर्षांची, घरी सगळे तिला चिऊ म्हणतात. वर्षभराचे खाऊचे पैसे साठवून तिने शर्यतीच्या गाडीचं किट आणलं होतं. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी. रविवारी सकाळी आबे नदीच्या काठी वर्गातली मुलं आपापल्या गाड्या घेऊन येणार होती.

"काका, तू नुसता बघ हं. हात लावायचा नाही!" तिने मला आधीच बजावलं.

शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झालं. प्रत्येक तुकड्याला अक्षर आणि आकडा. चित्रात बघायचं, तो तुकडा कापायचा, टोक घासायचं, बसवायचं. गिअरना ग्रीस लावायचं. बॉडी पारदर्शक प्लॅस्टिकची. ती रंगवायची आतून! म्हणजे गाडी घासली तरी रंग निघत नाही. पण मग उलटा विचार करावा लागतो. बाहेरून दिसणारे पट्टे आधी मारायचे आणि गाडीचा मुख्य रंग नंतर.

शनिवारी रात्री गाडी तयार झाली. चिऊने ती उपड्या वाडग्यावर ठेवली, म्हणजे चाकं अधांतरी राहतात. बॅटरी जोडली, रिमोटचा घोडा दाबला आणि... पुढची चाकं पुढे फिरली, मागची मागे!

चिऊचा चेहरा एवढासा झाला. भाऊ म्हणाला, "उद्या दुकानात दाखवू." मीही तेच म्हणणार होतो. पण उद्याच तर नदीवर जायचं होतं! तिने नाक पुसलं आणि पुस्तकाची पानं मागे उलटत बसली.

दोस्तांनो, चूक कुठे होती सांगू? या गाडीत मोटर एक लांब दांडा फिरवते. दांड्याच्या दोन्ही टोकांना लहान गिअर असतात. ते पुढच्या आणि मागच्या मोठ्या गिअरना फिरवतात. पुढचा मोठा गिअर दांड्याच्या एका बाजूला असेल, तर मागचा दुसऱ्या बाजूला हवा. तरच चारही चाकं एकाच दिशेला फिरतात. चिऊने दोन्ही एकाच बाजूला बसवले होते. मागचा गिअर उलटा बसला होता. चित्रात ते स्पष्ट दिसत होतं.

सतरा स्क्रू काढून गिअर बाजू बदलून बसवला. स्क्रू परत लावताना तिने एक युक्ती केली. आधी तो हलकेच उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात 'टक्' करून बसला की मग आवळायचा. नाहीतर प्लॅस्टिकचं भोक खराब होतं. रात्री साडेअकराला चारही चाकं पुढे फिरली.

रविवारी नदीकाठी आधी परीक्षा झाली. तुम्हीही गाडी अशीच तपासा. रिमोटचं चाक न फिरवता गाडी वीस पावलं सरळ जाते का? चिऊची डावीकडे ओढत होती. रिमोटवरचं एक छोटं बटण फिरवून ती सरळ झाली. मग उजवीकडे एक गोल, डावीकडे एक गोल. दोन्ही सारखे हवेत. शेवटी थांबवून मोटर फार तापली नाही ना, ते बघायचं.

सपाट जागेवर गाडी काय पळाली म्हणता! खड्यांवर मात्र बेडकासारखी उडत होती, कारण तिच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल नसतं, नुसती स्प्रिंग. बेअरिंगच्या जागीही प्लॅस्टिकच्या साध्या कड्या. पुढच्या वाढदिवसाला बॉल बेअरिंग मागायचं चिऊने तिथेच ठरवलं. शर्यतीत ती चौथी आली, पाच गाड्यांत!

परतताना मी विचारलं, "दहापैकी किती मार्क?"

"सात," चिऊ म्हणाली. "एक शॉकॲब्सॉर्बरचा कापला, एक कड्यांचा."

"आणि तिसरा?"

"तो माझा. चित्र नीट बघितलं नाही ना!"

तिची गाडी आता कुठेही अडली, तरी आत काय आहे ते तिला ठाऊक आहे. तुमच्या घरीही बंद पडलेली एखादी जुनी खेळण्यातली गाडी असेलच की! मोठ्यांना विचारा, सेल काढा आणि उघडा. पण दोस्तांनो, प्रत्येक तुकडा काढण्याआधी त्याचं चित्र काढून ठेवा. आणि परत जोडताना ते नीट बघा!