माथेरान : लाव्हाच्या पायऱ्या आणि माणसाचे खांदे

भोई म्हणजे पालखी खांद्यावर वाहणारा. भुलेश्वरच्या भोईवाड्यात आज दुकानांची गर्दी आहे. पालखी गेली, नाव तेवढे उरले. भोईवाड्यातील कुटुंबे सुटीत ज्या माथेरानला जातात, तेथे मात्र माणसाने माणसाला वाहून नेण्याची रीत अगदी अलीकडेपर्यंत टिकून राहिली.

1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर हेरला आणि उन्हाळ्याने त्रासलेल्या साहेबांसाठी येथे बंगले उभे राहिले. सुमारे 800 मीटर उंचीवरील या गावी नेरळहून छोटी गाडी आली ती 1907 मध्ये, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या उद्योगामुळे. मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडीही बंद असते. जणू साधू-साध्वींप्रमाणे तीही चातुर्मासात विहार थांबवते.

दस्तुरीपासून लाल मातीची वाट पायाखाली येते. पॅनोरमा पॉइंटवरून समोरचे कडे पाहिले, की एकावर एक रचलेले आडवे थर स्पष्ट दिसतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे हे थर होत. स्वीडिश भाषेतील ‘पायरी’ या अर्थाच्या शब्दावरूनच दख्खनच्या या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले. वरची तांबडी मातीही त्याच काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी दूर अंदमानातील बॅरन बेटावर आहे. येथील अग्नी मात्र केव्हाच शांत झाला आहे.

या शांत डोंगरावर एक प्रश्न धगधगत होता. मोटार नाही, म्हणून हातरिक्षा. आणि तिच्यात बसलेल्याचे ओझे चढावर ओढणारा माणूस. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांची रोजी जाऊ नये म्हणून त्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना राबवावी, असेही शासनास सांगितले. केवळ प्रथा मोडली असती, तर श्रम वाचले असते आणि चूल विझली असती. दुःख टाळताना जीविकेचीही काळजी वाहणे, हाच अहिंसेचा पूर्ण हिशेब होय.

प्रवाशाच्या वाट्यालाही या हिशेबातील काही रक्कम येते. धडधाकट माणसाने चालावे. वडीलधाऱ्यांसाठी ई-रिक्षा घ्यावी आणि भाड्यासाठी घासाघीस करू नये. हमालाच्या डोक्यावर बॅग देताना तिचे वजन आधी स्वतः उचलून पाहावे. सकाळीच फिरून आले, तर सूर्यास्तापूर्वीचे भोजनही निवांत होते. अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वंदन करणाऱ्या समाजाला दोन-तीन किलोमीटरची सावलीची वाट जड वाटू नये.