थांबता आले पाहिजे

मोटार विकत घेणाऱ्या गृहस्थाचे आपण कधी निरीक्षण केले आहे काय? तो तिचा रंग न्याहाळतो, गाद्या दाबून पाहतो, भोंगा वाजवतो आणि ती ताशी किती वेगाने धावते हे हटकून विचारतो. ती किती अंतरात थांबते, असे विचारणारा मनुष्य माझ्या तरी पाहण्यात नाही. मीही ते विचारले नव्हते. एका पावसाळी संध्याकाळी मला तो प्रश्न पडला. तीच हकिकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

साल १९८९, महिना जुलैचा. आम्ही दिल्लीत सरोजिनीनगरच्या सरकारी निवासात राहत होतो. वर्षभरापूर्वी एका सहकाऱ्याकडून मी जुनी अँबॅसॅडर घेतली होती. ‘मॉरिस ऑक्सफर्ड’वरून बेतलेल्या या मोटारीचे उत्तरपाड्यातील उत्पादन २०१४ साली थांबले, पण त्या काळी राजधानीत मंत्र्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांची भिस्त तिच्यावरच असे. माझ्या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. दोन-तीन आठवड्यांपासून ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जात होते आणि ते दाबले की गाडी किंचित डावीकडे ओढत असे. पत्नीने दोनदा सुचविले, “अहो, गाडी एकदा दाखवून आणा ना.” मी म्हणालो, “पुढच्या रविवारी नेतो.” रविवार आले आणि गेले.

त्या दिवशी आई पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने यायची होती. तिला आणि दोन्ही मुलांना घेऊन मी नवी दिल्ली स्टेशनच्या अजमेरी गेटच्या बाजूने निघालो, तेव्हा पाऊस नुकताच ओसरला होता. कॅनॉट प्लेसकडे जाताना वाटेत मिंटो ब्रिज लागतो. शिवाजी ब्रिज हे त्याचे दुसरे नाव. या रेल्वे-पुलाखालच्या सखल रस्त्यावर पाणी तुंबणे दिल्लीकरांना नवे नाही. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत होते. इंजिन बंद पडले नाही याच आनंदात मी बाहेर पडलो आणि वेग वाढविला. एवढ्यात समोरून एक सायकलस्वार आडवा आला. सायकलच्या दांडीवर एक लहान मूल बसलेले होते.

मी पेडल दाबले. ते जवळजवळ तळाला टेकले, तरी गाडी पुढेच जात राहिली. मग डावीकडचे एकच चाक पकडले गेले, गाडी डावीकडे वळली आणि फुटपाथच्या दगडाला धडकून थांबली. सायकलस्वार उजव्या हाताला उरला, म्हणून वाचला. त्यात माझे कौशल्य काडीइतकेही नव्हते. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त मुलांना जवळ ओढून घेतले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी करोल बागेतल्या एका वृद्ध सरदारजींकडे गेलो. त्यांनी चाक उतरवून ड्रम बाजूला केला आणि मला शेजारी बसवून सारी रचना दाखविली. आपणही ती ध्यानात घ्या. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात आणि त्यांवर घर्षणाचे लायनर बसविलेले असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब शू बाहेर ढकलतो आणि ते ड्रमला आतून घासतात. पाय उचलला की स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. लायनर झिजते तसतशी शू आणि ड्रम यांमधली फट वाढते आणि पेडल खोल जाऊ लागते. एका चाकाची फट कमी व दुसऱ्याची जास्त झाली, तर गाडी एका बाजूला ओढते. ड्रममध्ये पाणी शिरले की घर्षणच घटते. माझ्या गाडीत या तिन्ही गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या होत्या. त्यांपैकी दोन मला आठवड्यांपूर्वीच कळल्या होत्या, हेच मला आजही टोचते.

मग त्यांनी फट जुळविण्याची रीत शिकविली. गाडी सपाट जागी उभी करावी, जमिनीवरच्या चाकांना पुढूनमागून विटा लावाव्यात, हातब्रेक सोडावा आणि जॅकने चाक उचलून खाली भक्कम टेकू द्यावा. नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. समायोजनाचा स्क्रू चाक अडेपर्यंत फिरवावा आणि ते मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यावा. नंतर पेडल दोन-तीनदा दाबावे, म्हणजे शू आपापल्या जागी बसतात; मग चाक पुन्हा फिरवून पाहावे. चारही चाकांचे असे झाले, की निर्मनुष्य रस्त्यावर सावकाश परीक्षा घ्यावी. आतल्या बाजूला ओल दिसली तर तेल गळते आहे असे समजावे. पेडल स्पंजासारखे लागले तर तेलात हवा शिरली आहे असे जाणावे. या दोन्ही वेळी स्वतः खटपट न करता जाणकाराकडे जावे. लायनर बदलायचे तर समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे.

एका गोष्टीत मात्र सरदारजींचे अनुकरण करू नका. ड्रममधली भुकटी त्यांनी तोंडाने फुंकून उडविली. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंतच एवढे अंतर सरते. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि थांबताना ती सगळी उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये उतरते. मसुरीहून उतरताना चालक गाडी खालच्या गिअरमध्ये का ठेवतात, हे यावरून कळेल. सतत ब्रेक लावल्यास तापलेला ड्रम प्रसरण पावून शूंपासून दूर सरतो, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते.

आज पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. परंतु बहुतेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांत ड्रम कायम आहे. त्यांची फट पुष्कळदा आपोआप जुळते. मात्र झिजलेले लायनर आपोआप नवे होत नाही. ते उघडूनच पाहावे लागते. पाण्यातून बाहेर पडल्यावर मागेपुढे वाहन नाही हे पाहून थोडे अंतर हलका ब्रेक लावीत जावे, म्हणजे ड्रम सुकतात. ही साधी गोष्ट मला त्या संध्याकाळी ठाऊक असती तर!

माझा मुलगा आता नोएडाला राहतो आणि पावसाळ्याआधी ब्रेक तपासून घेतो. त्याला मी ते कधी सांगितलेले नाही. तो त्या दिवशी मागच्या आसनावर आजीला बिलगून बसला होता. वाचकहो, आपल्या गाडीचे पेडल जरा खोल जात आहे असे वाटत असेल, तर येत्या रविवारचा वायदा करू नका. मी असे पुष्कळ रविवार घालविले होते.